दगडाचं पातं, शिंगाची मूठ: भेट द्यायची सुरी

दगडाची सुरी म्हटलं की डोळ्यांसमोर दगडावर दगड आपटणारा माणूस येतो. प्रत्यक्षात या कामातला निम्म्याहून अधिक वेळ घासण्यात जातो. पात्याची कड घासायची, मुठीत जाणाऱ्या भागाच्या कडा बोथट करायच्या, शिंग घासायचं, पुन्हा कड घासायची. ठोका किंवा दाब चुकल्यामुळे जेवढी पाती मोडतात, त्याहून जास्त कड घासायचा कंटाळा केल्यामुळे मोडतात. ज्याला घासायचा धीर आहे त्याची तिसरी-चौथी सुरी कुणालाही अभिमानाने देता येईल अशी होते.

आधी मापं ठरवून घेऊ. मुठीबाहेर दिसणारं पातं ८ सेंमी, मुठीत शिरणारी शेपटी २.५ सेंमी, पात्याची रुंदी ३ सेंमी, जाडी ५ ते ६ मिमी, मूठ ११ सेंमी. यापेक्षा लांब पातं करायचा मोह होतो, पण लांबी वाढली की आडवं मोडण्याचा धोका फार वाढतो. पहिल्या भेटीसाठी एवढंच पुरे.

आता मुठीचा प्रश्न, कारण तो कायद्याचा आहे. जगभर अशा सुऱ्यांना हरणाच्या शिंगाची मूठ बसवतात, आणि त्याला कारण आहे. हरणाचं शिंग हे हाड असतं. बाहेरून टणक, आतून जाळीदार, दर वर्षी गळून पडणारं आणि पुन्हा उगवणारं. काही दिवस पाण्यात भिजवलं की ते कापायला मऊ होतं, आतली जाळी कोरली की पात्याला आयतं घर मिळतं आणि राळ त्या जाळीत घट्ट रुतते. आपल्याकडे मात्र हा मार्ग बंद आहे. गोव्यातल्या म्हादई, खोतीगाव, नेत्रावळीच्या रानात सांबर आणि चितळ आहेत, त्यांची शिंगं गळतात, पण वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली ती उचलून घरी आणणं, विकणं किंवा भेट देणं चालत नाही. ‘आपोआप गळलेलं आहे, प्राणी मारलेला नाही’ ही सबब उपयोगाची नाही. आजोबांच्या काळातलं शिंग घराच्या भिंतीवर असलं तरी त्याला करवत लावू नका. गव्याचंही तेच. तो गोव्याचा राज्यप्राणी आहे आणि त्याच्या शिंगाला हात लावायचा नाही. ज्या भेटीमुळे घेणारा माणूस अडचणीत येईल ती भेट नव्हे.

म्हणून म्हशीचं शिंग. पाळीव जनावराचं असल्याने त्याला अडचण नाही, आणि माझ्या मते आपल्या दमट हवेत ते दिसायलाही हरणाच्या शिंगापेक्षा देखणं: काळंभोर, मध्येच एखादी करडी किंवा मधाच्या रंगाची रेघ. पण ते हाड नाही, आपल्या नखांसारखं केराटिन आहे. त्यामुळे वागणूक उलटी. पाण्याने ते कापायला मऊ होत नाही, उष्णतेने होतं. आतली जाळी नसते. बुडाकडचा भाग पोकळ, टोकाकडचा भरीव. आपल्याला टोकाकडचा भरीव भागच हवा. उत्तर प्रदेशातल्या संभळला शिंग आणि हाडाच्या वस्तूंचा मोठा धंदा आहे, तिथून साफ केलेली टोकं आणि मुठीच्या पट्ट्या देशभर विकल्या जातात. कच्चं शिंग घेतलंत तर आतलं हाड सुटेपर्यंत ते दोन-तीन आठवडे पाण्यात ठेवावं लागतं आणि वास असा सुटतो की शेजारी भांडायला येतील. साफ केलेलंच घ्या.

एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: ज्याला द्यायचं त्याच्या घरात शिंग चालतं का. नसेल चालत तर पेरूच्या झाडाची ३ सेंमीहून थोडी जाड, किंचित वाकडी फांदी घ्या. बेचकीला मुलं पेरूचीच फांदी का शोधतात ते हातात धरल्यावर कळतं. लाकूड चिवट, गुळगुळीत, सहसा न चिरणारं. सावलीत दोन-तीन महिने वाळवलेलं हवं. ओल्या लाकडात बसवलेलं पातं पहिल्याच उन्हाळ्यात खुळखुळायला लागतं.

दगड कोणता? इथे गोव्यात राहणाऱ्याची पहिली निराशा इथेच होते. आपल्या पायाखाली सगळीकडे चिरा, म्हणजे जांभा दगड. चिरा कुऱ्हाडीने तासता येतो, घरं बांधता येतात, कुशावती नदीकाठी उसगाळीमळला तर चिऱ्याच्या कातळावर कोरलेले बैल, हरणं आणि ते प्रसिद्ध चक्रव्यूहासारखं चित्र आहे. १९९३ मध्ये ते अभ्यासकांसमोर आलं. चित्र धरून ठेवणारा हा दगड धार मात्र धरत नाही. तो भोकाभोकांचा, दाणेदार, त्यात फूट, म्हणजे दगड फुटताना धावणारी चीर, सरळ जातच नाही. नदीत मिळणारी पांढरी गारगोटी कठीण असते खरी, पण तिच्या पोटात इतक्या जुन्या भेगा असतात की ती आपल्या मनाने फुटते. सत्तरी तालुक्याच्या वरच्या अंगाचा काळा दगडही जाडदाण्याचा.

धारेला हवा तो सिलिकाचा, काचेसारखा एकजीव दगड: अकीक, कॅल्सेडनी, जास्पर, चकमक. दख्खनच्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांमध्ये कॅल्सेडनी आणि अकीक तयार होतात, म्हणून घाटावर ते विपुल आहेत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाण वस्तीत जी बारीक, लांबट पाती सापडली ती कॅल्सेडनीचीच. मात्र कुठल्याही प्राचीन स्थळावरून दगड किंवा जुनी हत्यारं उचलून आणू नका. तिथला एकेक तुकडा कुठे पडला होता यावरच अभ्यासकांचं काम चालतं.

नवख्याने सरळ अकिकाची कापलेली चकती विकत घ्यावी. गुजरातेतल्या खंभातला अकिकाच्या मण्यांची फार जुनी परंपरा आहे, तिथून येणाऱ्या चकत्या खड्यांच्या दुकानात आणि ऑनलाइनही मिळतात. जाडी ६ ते ७ मिमी, आकार निदान ११ × ४ सेंमी. तीन घ्या, कारण पहिली मोडणार. घेताना तीन गोष्टी बघायच्या. मधोमध साखरेसारखे चमकणारे स्फटिक असलेली चकती नको. फूट स्फटिकांपाशी येऊन थांबते. दोन बोटांत सैल धरून नखाने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर चांगली, ‘ठक्’ असा बसका आवाज आला तर आत भेग आहे. आणि पाण्यात बुडवून पुसा. सगळी चकती कोरडी झाल्यावरही एखादी रेघ ओली राहिली तर ती भेगच. भडक निळ्या-गुलाबी चकत्या रंगवलेल्या असतात. कामात त्याने फरक पडत नाही, पण भेट म्हणून करडा, मधाळ किंवा तांबूस रंगच शोभतो.

दगड भाजायचा की नाही, यावर बरीच चर्चा होते. भाजल्याने कॅल्सेडनीत फूट सहज धावते आणि नव्याने निघालेल्या कपचीची जागा मेणचट चमकते. खंभातचे कारागीर अकीक मातीच्या मडक्यात घालून शेणी-राखेच्या मंद आचेत भाजतात. पिवळसर दगड लाल होतो तो आतल्या लोहामुळे. तुमची चकती तांबूस आणि फुटलेल्या कडेला तुकतुकीत असेल तर ती बहुधा भाजलेलीच आहे, पुन्हा भाजू नका. कच्ची असेल तर कोरड्या रेतीने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात चकत्या एकमेकींना न लागतील अशा पुरा. समुद्राची रेती असेल तर आधी गोड्या पाण्याने धुऊन खडखडीत वाळवा. डबा ओव्हनमध्ये १०० अंशांवर चार-पाच तास ठेवा म्हणजे आतलं पाणी निघून जाईल, मग दर तासाला २५ अंश वाढवत २५० पर्यंत न्या, चार तास तिथे ठेवा, ओव्हन बंद करा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दार उघडू नका. घाई केली तर दोन प्रकारे नुकसान होतं. चढवताना घाई केली तर आतली वाफ दगडाच्या गोल खपल्या उडवते. उतरवताना केली तर जाळीदार तडे जातात, जे ठोकायला घेईपर्यंत दिसतही नाहीत.

हत्यारं थोडीच लागतात. दाब द्यायला तांब्याची टोचणी: इलेक्ट्रिकच्या दुकानात अर्थिंगसाठी ८ गेजची, म्हणजे सुमारे ४ मिमी जाडीची, तांब्याची तार मिळते. तिचा १० सेंमी तुकडा लाकडी मुठीत घट्ट बसवायचा, टोक दीड सेंमी बाहेर, कानशीने बोथट शंकूसारखं घासलेलं. मूठ हातभर लांब असली तर कोपराखाली दाबून अंगाचं वजन देता येतं. लोखंडी टोचणी नको. लोखंड दगडाच्या कडेला धरून राहत नाही, निसटतं आणि कड चुरडतं. तांबं किंचित दबून दगडाला चावतं. तळहाताखाली धरायला ५-६ मिमी जाड चामड्याचा तुकडा. कड घासायला जुन्या पाट्या-वरवंट्याचा फुटका तुकडा किंवा एमरीचा दगड. इथे चिरा वापरून बघणारे बघतात, पण तो स्वतःच झिजून पीठ होतो. शिवाय एक साधा मार्कर पेन, चष्मा, एन-९५ मास्क.

मास्कचं नुसतं नाव घेऊन पुढे जाता येणार नाही. या दगडाची धूळ म्हणजे बारीक सिलिका. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कामगारांना सिलिकोसिसने ग्रासलं आहे, आणि फुप्फुसाला एकदा झालेली ती इजा भरून येत नाही. काम अंगणात करा, वारा बाजूने वाहील असं बसा. आपल्याकडे दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याची दिशा पक्की असते, ती धरून बसता येतं. घासताना दगड ओला ठेवा. बसायच्या जागी ताडपत्री पसरा आणि काम झाल्यावर केरसुणीने झाडू नका, ताडपत्री अलगद गुंडाळून पाण्याने धुवा. ताज्या कपचीची धार ब्लेडपेक्षा तीक्ष्ण असते. अनवाणी पायाला कळतसुद्धा नाही, रक्त दिसल्यावर कळतं.

हात बसवायला चकती खर्च करू नका. बिअरच्या बाटल्यांच्या बुडावर सराव करा, त्यांची गोव्यात वाण नाही. काचही तशीच फुटते, फक्त जास्त नाजूक. आठ-दहा बुडं वाया गेली की बोटांना दाब कळायला लागतो.

आता मुख्य काम. चकतीवर मार्करने पात्याचा आकार काढा आणि बाजूचा फालतू भाग चिमट्याने किंवा टोचणीने थोडा थोडा तोडत त्या रेषेच्या २-३ मिमी बाहेर थांबा. आता तुमच्या हातात चौकोनी कडांची फळी आहे. चौकोनी कडेवर दाब दिला तर काहीच निघत नाही किंवा कोपरा चुरा होतो, कारण कपची निघायला कडेचा कोन ९० अंशांपेक्षा बराच कमी हवा. म्हणून ओल्या एमरीवर चारी बाजूंनी दोन्ही अंगांना उतार घासून घ्या, म्हणजे कड जाडीच्या मधोमध येते. जुन्या पद्धतीचे लोक हा उतारही कपच्या काढून करतात. पहिल्या सुरीला घासून करण्यात काहीही कमीपणा नाही.

यानंतर प्रत्येक कपचीची कहाणी सारखीच. ज्या बारीकशा जागेवर टोचणी टेकते तिला आपण बैठक म्हणू. डाव्या तळहातावर चामडं, त्यावर पातं आडवं, हाताची पाठ मांडीच्या आतल्या अंगाला टेकलेली. टोचणीचं टोक कडेवर ठेवायचं. कपची खालच्या अंगाने निघते, म्हणून बैठक मध्यरेषेच्या किंचित खाली हवी. आधी दाब आत, पात्याच्या मध्याकडे द्यायचा. तो वाढवत न्यायचा, आणि पुरेसा साठला असं वाटलं की मनगट न हलवता खाली ढकलायचं. ‘टिक्’ असा कोरडा आवाज येतो आणि चामड्यावर नखाएवढी, अर्धपारदर्शक, शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी लहरी असलेली कपची पडलेली असते. ती फेकून देऊ नका. उजेडात धरा. जाड टोकाला फुगवटा दिसतो, तिथे दाब बसला होता. लहरी त्याच्यापासून पसरतात. कपची टोकापर्यंत निमुळती होत गेली असेल तर सगळं बरोबर झालं. आणखी काही झालं असेल तर काय चुकलं ते तिच्यावर लिहिलेलं आहे.

कपची मध्येच तुटून पात्यावर पायरी राहिली? दाब आत कमी आणि खाली जास्त पडला. कपचीचं टोक जिभेसारखं गोल वळून बाहेर आलं? दाब सुरू करून मध्येच सैल सोडलात, किंवा समोरचा पृष्ठभाग खोलगट होता. फूट नेहमी उंचवट्याच्या मागे धावते. मागच्या दोन कपच्यांच्या मध्ये जो कंगोरा उरतो, त्याच्या बरोबर मागे पुढची बैठक घेतली तर कपची लांब जाते. खोलगट भागाच्या मागे घेतली तर आखूड आणि रुंद. कपची भलतीच लांब जाऊन पलीकडची कड घेऊन गेली? बैठक फार आत घेतलीत. आणि कपची निघालीच नाही, नुसती कड चुरली आणि पांढरी पूड पडली? कड घासली नव्हती.

हीच ती जागा जिथे कंटाळा महागात पडतो. कपची काढल्यावर कड वस्तऱ्यासारखी पातळ होते. ही धार आहे, बैठक नव्हे. पातळ धारेला दाब पेलवत नाही, ती चुरते. चुरली की कोन उभा होतो, मग जास्त जोर लावावा लागतो, आणि जास्त जोराने पातं दोन तुकडे होतं. म्हणून एका बाजूच्या कपच्यांची एक रांग झाली की पाट्याच्या तुकड्याने कड घासायची, कडेच्या लांबीच्या दिशेने आणि थोडी काढायच्या अंगाकडे झुकवून. बोट फिरवलं तर कापू नये, खरखरीत लागावं, इतकी. पाच मिनिटं घासणं, दोन मिनिटं दाबणं हे प्रमाण नवख्याला जास्त वाटतं. तेच बरोबर आहे.

पायरी राहिली तर तिच्यावर त्याच बाजूने पुन्हा पुन्हा दाब देऊ नका; ती आणखी उंच होत जाते. समोरच्या कडेकडून येणाऱ्या लांब कपचीने ती खालून उचलायची. ते जमत नसेल तर तशीच सोडा. पात्यावर एखादी पायरी असणं हा दोष असला तरी पातं मोडून घेण्यापेक्षा बरा.

दोन्ही अंगांनी, दोन्ही कडांकडून कपच्या मध्यरेषेपाशी भेटल्या की करवतीच्या चकत्यांवर असते ती सपाट चमक निघून जाते. मधोमध थोडा सपाट पट्टा उरला तर दिसायला खटकतो, कापायला नाही. शेवटची फेरी बारीक: टोचणीचं टोक पुन्हा तीक्ष्ण करून २-३ मिमीच्या कपच्या, एकाआड एक अंगाने, म्हणजे कड सरळ येते. ही फेरी झाल्यावर मात्र धार घासायची नाही. टोकाशी काम करताना पातं टोकापासून १ सेंमी आत बोटाने आधार देऊन धरा. टोक मोडतं ते नेहमी आधार नसताना.

शेपटीचा भाग खांद्यापाशी, म्हणजे पातं संपून शेपटी सुरू होते तिथे, दोन्ही बाजूंनी ३-४ मिमी आत घ्या आणि मग तिच्या कडा पूर्ण बोथट करा. पूर्ण म्हणजे बोटावर दाबून ओढलं तरी ओरखडा येऊ नये इतक्या. नाहीतर धारदार शेपटी आतून शिंगाला करकोचे पाडते, आणि दोरा शेपटीवरून गेला असेल तर महिन्याभरात तो कापते. सुरी ‘आपोआप’ सुटली असं लोक सांगतात, त्यात बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. शेपटीवर आजचं साल आणि आपली आद्याक्षरं हिऱ्याच्या काचकापणीने कोरून ठेवा. मुठीत ती झाकली जातील, पण पन्नास वर्षांनी कुणी सुरी उघडली तर ती प्राचीन समजून कुणाची फसगत होणार नाही.

शिंगाचा ११ सेंमीचा भरीव तुकडा हॅकसॉने कापा. शिंग तापलं की जळक्या केसांचा वास येतो. वास आला की करवत थांबवा, कारण तापलेलं शिंग कडेला फाटतं. पात्याच्या बाजूच्या टोकावर शेपटीएवढी खाच आखून ३ मिमीच्या ड्रिलने शेजारी शेजारी भोकं पाडा, खोली २.७ सेंमी, मग मधल्या भिंती चपट्या कानशीने काढा. खाच शेपटीपेक्षा सगळीकडे साधारण अर्धा मिमी मोठी हवी. तंतोतंत बसणारी खाच हे कौशल्याचं लक्षण वाटतं, पण मग राळेला जागाच उरत नाही, आणि शिंग पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात आवळतं तेव्हा थेट दगडावर ताण येतो. बाहेरचा आकार जाड कानशीने द्यायचा: पात्यापाशी ३० × २२ मिमीचा लंबगोल, मागे जरा निमुळता. मग काचपेपर ८०, १२०, २२०, ४०० आणि ८०० या क्रमाने. एकही पायरी गाळू नका. ८० चे ओरखडे ४०० ने जात नाहीत, नुसते चकाकतात. शेवटी खोबरेल तेलाचा एखादा थेंब कापडावर घेऊन चोळा.

चिकटवायला एपॉक्सी चालतं, धरतंही छान. पण दगड आणि शिंग यांच्यामध्ये राळच शोभते, आणि पुढेमागे पातं बदलायचं झालं तर ती तापवून सोडवता येते. गंध्याच्या दुकानात राळ मिळते. वजनाने राळ ५० ग्रॅम, मधमाशांचं मेण ८ ग्रॅम, नारळाच्या करटीच्या कोळशाची वस्त्रगाळ पूड १५ ग्रॅम. थंड प्रदेशातल्या कृतींमध्ये मेण जास्त असतं; आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तेवढं मेण घातलेली राळ बोटाला लागायला लागते. छोट्या डब्यात अगदी मंद आचेवर राळ विरघळवा, मग मेण, मग कोळसा. उकळू देऊ नका. उकळलेली राळ ठिसूळ होते आणि तिची वाफ पेट घेते. झाकण हाताशी ठेवा. पेटलीच तर झाकण घालायचं, पाणी नाही. मिश्रणाचा थेंब काडीवर घेऊन गार करा आणि नखाने दाबा. तडकून उडाला तर चिमूटभर मेण, नखाचा ठसा उमटला तर आणखी राळ. नुसता हलका ओरखडा उमटला की झालं.

गार दगडाला गरम राळ धरत नाही, वरचेवर बसते आणि सुटते. शेपटी आणि खाच दोन्ही आधी कोमट करून घ्या. उन्हात अर्धा तास ठेवलं तरी पुरतं. दगड ज्योतीवर धरू नका. खाच राळेने अर्धी भरा, पातं सरळ रेषेत खुपसा, वर आलेली राळ ओल्या बोटाने खांद्याभोवती बसवा. बोट कोरडं असेल तर भाजेल आणि चिकटेलही. मान वाकडी झाली असेल तर पहिल्या मिनिटात सरळ करता येते, नंतर पुन्हा तापवावं लागतं.

दोरा मुठीच्या पुढच्या टोकावर गुंडाळायचा, म्हणजे खाचेच्या भिंती फाकत नाहीत. १ मिमी जाडीचा घायपाताचा किंवा सुती दोरा, मेणात ओढलेला. १६ वेढ्यांना सव्वा मीटरच्या वर दोरा लागतो. ओढायला हाताशी राहावं म्हणून दोन मीटर घ्या. सुरुवातीला दोऱ्याचा एक फास मुठीवर आडवा ठेवून त्याच्यावर वेढे घ्यायचे, शेवटचं टोक फासात ओवायचं आणि मागून ओढून वेढ्यांखाली गाडायचं. गाठ दिसता कामा नये. वरून राळेचा अगदी पातळ हात.

म्यान पोफळीच्या विरीचं करा. झावळी गळते तेव्हा तिच्या बुडाशी जी रुंद, चामड्यासारखी ढोली असते ती. पाऊण तास पाण्यात भिजवली की हवी तशी दुमडते, वाळली की तोच आकार धरते. दुमडीच्या आत धारेच्या बाजूला विरीचीच एक अरुंद पट्टी घालून मग शिवा. ती नसेल तर पहिल्यांदा सुरी आत घालतानाच टाके कापले जातात. पावसाळ्यात विरीला बुरशी येते, म्हणून आतून-बाहेरून मेण चोळा. हे सगळं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करावं हे उत्तम. शिंग, विरी, दोरा तिन्ही तेव्हा कोरडे असतात.

उरलेल्या कपच्या परसात किंवा नदीत टाकू नका. जाड प्लास्टिकच्या डब्यात भरून, त्यात आजचं एक नाणं टाकून, कचरा घेणाऱ्याला ‘काच आहे’ असं सांगून द्या. नाणं अशासाठी की पुढे कधी कुणाला तो ढीग सापडलाच तर तो कुठल्या काळातला ते कळावं.

देताना सुरीसोबत चार ओळी लिहून द्या, कारण घेणाऱ्याला दगडाच्या धारेची सवय नसते. कागद, दोरा, फळं, काटे काढलेला मासा, खोबऱ्याचा तुकडा हे ती सुंदर कापते. कापताना पुढे-मागे ओढायची, पिळायची नाही, तिच्याने काही उचकटायचं नाही. खाली लाकडी फळीच हवी. स्टीलच्या ताटावर धारेचे तुकडे पडतात आणि ते जेवणात जाऊ शकतात. काजू फोडायला आणि हाडाला ती नाही, त्याला आडोळी, म्हणजे विळी, आहे. गरम पाण्यात बुडवू नये, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, राळ सुटते. धार बोथट झाली तर पुन्हा घासून, दाबून काढता येते. दर वेळी पातं एखाद मिलिमीटर अरुंद होतं, म्हणजे बरीच वर्षं पुरतं. विमानाने जाणाऱ्या पाहुण्याला द्यायची असेल तर ती चेक-इन सामानात ठेवायला सांगा. आणि पुष्कळ घरांत धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत. म्यानात घातलेली सुरी पाटावर ठेवा, समोरच्याला उचलू द्या.